सरूकाकीचे दोन शब्द

"दोनच शब्द शिकवा बाई. जास्ती नको."

सरूकाकी मासळीची रिकामी टोपली पायरीवर ठेवून सरळ वर्गात आली आणि पहिल्या बाकावर बसली. शाळा सुटली होती, मी फळा पुसत होते. तिच्या मागोमाग तिची सून वैजू आली, पण ती दाराशीच थांबली. आपल्या सासूने हे काय काढलंय, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"कुठले दोन?" मी विचारलं.

"एक शोधायचा. आनि एक सापडायचा."

मी फडकं खाली ठेवलं. ती हे का विचारतेय ते वाकणबंदरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, मला तर सर्वांत जास्त.

काकीचा एकुलता एक मुलगा हेमंत मालवाहू बोटीवर खलाशी होता. गणपतीच्या दिवसांत अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ बोट असताना तो सकाळच्या हजेरीला आला नाही. कामाला आला नाही, जेवायला आला नाही, बोटीवर कुठेच नव्हता. म्हणजे पाण्यात. गावात एक किराणा दुकानाचा आणि दुसरा शाळेचा, असे दोनच फोन होते. दुकानातला सगळा गाव ऐकतो, म्हणून हेडसरांनी शाळेचा नंबर कंपनीला दिला. दर शनिवारी शाळा सुटली की मुंबईच्या ऑफिसातून मेनन नावाचे साहेब फोन करायचे. पहिल्या फोनवर ते मोडक्यातोडक्या हिंदीत बोलले. दुसऱ्या फोनपासून इंग्रजी. वाईट बातमी जवळ आली की माणसं इंग्रजीत शिरतात, हे मी तेव्हा शिकले. तेव्हापासून फोनवर बोलणारं माणूस म्हणून माझी नेमणूक झाली, कारण गावात इंग्रजी शिकवणारी मी एकटी. मी घाटावरची, कराडकडची. होडीत अजून एकदाही पाय ठेवला नव्हता, आणि समुद्राच्या बातम्या मीच सांगायच्या होत्या.

"काकी, मी सांगते ना तुम्हाला सगळं," मी म्हटलं.

"सांगता की. पन तो साहेब ही एवढी लांबण लावतो आनि तुमचं मराठी दोन वाक्यांत सपतं. मदलं कुटं जातं?"

मधलं मी गिळत होते हे खरं होतं. मेनन साहेब म्हणायचे की पाणी अमुक इतकं खोल आहे, प्रवाह अमुक दिशेचा आहे, अशा पाण्यात माणूस अमुक वेळ टिकतो. मी म्हणायचे, "शोधतायत."

"मला सगळं कळायला नको," काकी म्हणाली. "हे दोन कळले म्हंजे बास. तो बोलायला लागला की मी कान लावून बसन. कुटला शब्द येतोय तेवढं बघन."

मी खडू घेतला. फळ्यावर लिहिणार, तोवर लक्षात आलं की तिला अक्षर येत नाही. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"सर्च," मी म्हटलं. "सर्च म्हणजे शोधणं."

"सर्च."

"आणि फाइंड. फाइंड म्हणजे सापडणं."

"फाइंड." तिने दोन्ही शब्द तोंडात घोळवले. "कुटला कुटं वापरायचा?"

आता या जोडीशी माझं जुनं वैर. नववीतल्या पोरांना पेन शोधतोय म्हणायचं असलं की सगळी झाडून लिहिणार, आय ॲम फाइंडिंग माय पेन. आपल्याकडे शोधलं म्हटलं की त्यात सापडलंही येतं कधीकधी, म्हणून घोटाळा. लाल शाईने खोडून खोडून मी थकले होते. पण काकीला पेनाचं उदाहरण देऊन काय उपयोग? मी इकडेतिकडे बघितलं. दारात वैजू उभी होती, तिच्या पायांना घोट्यापर्यंत खाडीचा चिखल वाळलेला होता.

"आज खाडीत तिसऱ्या शिंपल्या काढायला गेला होता?" मी विचारलं.

"व्हय. भरती लागली म्हनून आलो," काकी म्हणाली.

"चिखलात उतरून तुम्ही पायाने चाचपता ना? तिसरी कुठे लागते का ते?"

"मग? डोळ्यांनी कुटं दिसते ती."

"तो सर्च. पाय फिरवत राहायचं, तो सर्च. आणि तिसरी पायाला लागली—"

"फाइंड," दारातून वैजू म्हणाली.

काकीने मागे वळून सुनेकडे बघितलं. बऱ्याच दिवसांत ती पहिल्यांदा हसली. "बगा, ही मेली न शिकवता शिकली."

वैजूही हसली. लग्नाला दोन वर्षं झालेली पोर. हेमंत त्यातला निम्मा काळ बोटीवर. तिचं हसू छान होतं, आणि हल्ली तिला हसताना बघितलं की गाव आपसांत कुजबुजत असे.

"आनि नाय लागली तर?" काकीने विचारलं.

"तर सर्चच."

"म्हंजे पाय फिरवीत ऱ्हायचं."

"हो."

"न शोधता पन सापडतं की बाई कदी कदी. वाटंत आठाने पडल्याले असतात."

"तोही फाइंडच. फाइंडला सर्च लागतोच असं नाही."

"आनि शोधून शोधून नाय सापडत, ते?"

"तेही होतं, काकी."

बाकावर कुणी कार्ट्याने कर्कटकाने नाव कोरलं होतं, त्यावरून ती बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आनि एकदा फाइंड झालं म्हंजे? मंग सर्च?"

"मग कशाला सर्च? सापडलं की संपलं."

"संपलं," ती म्हणाली.

मग उठली, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि टोपली घेऊन निघाली. वैजू जाताना मला म्हणाली, "बाई, आईंना खरं सांगत जावा. त्या बाकी समद्यांपेक्षा घट्ट हायत."

शनिवार आला. काकी माझ्या शेजारी स्टुलावर बसली, फोनच्या रिसीव्हरला कान भिडवून. मेनन साहेब बोलत होते आणि ती ओठ हलवत होती. सर्च. सर्च. तिसऱ्यांदा सर्च. फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे विजयाने बघितलं. "तीनदा म्हनाला. दुसरा नाय आला."

"नाही आला."

"बरोबर सांगितलंत मग आज," असं म्हणून तिने मला पास केलं.

त्यानंतर ती येता-जाता ते शब्द वापरू लागली. सुनेची सुई हरवली तर "सर्च कर." मांजर कोंबड्यांच्या खुराड्यात घुसलं आणि हाताला लागलं तर "फाइंड!" गावातल्या बाया तिला चिडवायच्या, "सरू, आता बोटीवर कपतान म्हनून तूच जा." ती म्हणायची, "जायन की. घेऊन येन माझा पोरगा." मला वाटायचं, दोन शब्द शिकवून मी निदान एक बरं काम केलं. बाईला काहीतरी धरायला मिळालं.

नवरात्र तोंडावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. शनिवार नव्हता, मधलाच कुठला तरी वार. मी सहावीवर मराठीचा तास घेत होते, एवढ्यात शिपाई आला आणि म्हणाला, "बाई, मुंबैचा फोन. साहेब लाइनवर थांबल्यात."

मी ऑफिसात गेले. मेनन साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. त्यांनी मला आधी सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, घरच्यांना बोलवा, मी पुन्हा फोन करतो, मात्र आजच.

काकी आणि वैजू दोघी धावत आल्या. काकीच्या हाताला मासळीची खवलं तशीच चिकटलेली. हेडसर बाहेर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. फोन वाजला. मी उचलला.

"आज काय मदलं खायाचं नाय," काकी म्हणाली. "जसं म्हनतो तसं."

म्हणून मी जसं म्हणतो तसं सांगितलं. एकेक वाक्य ऐकायचं आणि मराठीत पुढे द्यायचं. तिकडच्या एका मच्छीमार गावाच्या वाळूवर एक माणूस लागलाय. वयाने तरुण. उंचीने जुळतो. चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नाही. कपडे राहिलेले नाहीत.

वैजूने भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड केलं.

"फोटो काढून पाठवण्यात अर्थ नाही म्हणतात," मी म्हटलं. "पण एक खूण आहे. कमरेला दोरा आहे. काळा, पिळलेला. त्यात एक लाल धागा आहे. तिथल्या डॉक्टरला हे काय आहे ते कळलं नाही, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवलाय."

काकीने टेबलाची कड धरली. "लाल?"

"हो. एकच धागा, काळ्यात पिळलेला."

आमच्याकडे काय, त्यांच्याकडे काय, करदोटा म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. मुलगा झाला की बारशाच्या आत कमरेला बांधतात. तुटला तर दुसरा बांधल्याशिवाय पाणी पीत नाहीत. मुद्दाम तोडतात ते एकदाच, माणूस गेल्यावर, न्यायच्या आधी. दूरदेशीच्या त्या डॉक्टरने तो तोडला नाही, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

"काकी," मी विचारलं, "हेमंत करदोटा घालायचा का?"

ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. बाहेर मुलांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता.

"नाय," ती म्हणाली.

"नक्की?"

"शाळंत हुता तवा घालायचा. मंग पोरं हसायला लागली. बोटीवर गेला आनि काढून टाकलान. फॅशनवाला झाला."

मी फोनमध्ये जवळजवळ ओरडूनच सांगितलं, तो आमचा नाही. मेनन साहेब म्हणाले, खात्री करून सांगा. हो म्हणालात तर आम्ही त्याला घरी आणू, खर्च कंपनीचा. नाही म्हणालात तर ते लोक त्याला आज संध्याकाळी तिथेच पुरतील, त्या गावात ठेवायची सोय नाही. पुन्हा विचारायला जागा राहणार नाही.

मी हेही जसंच्या तसं सांगितलं.

काकीने माझ्या हातातला रिसीव्हर घेतला. तो उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. "साहेब," ती म्हणाली. आवाज अजिबात कापला नाही. "नो फाइंड. सर्च. सर्च."

पलीकडून काहीतरी बोलणं आलं.

"सर्च," ती पुन्हा म्हणाली आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी दोघींना ओढतच माझ्या खोलीवर नेलं. चहा केला, गावाहून आलेले बेसनाचे लाडू काढले. "देवीनेच राखलं बघा," मी बडबडत होते. "दुसऱ्या कुणाचा तरी असेल बिचारा. आपला असेल कुठेतरी. बेटाबिटावर. दुसऱ्या बोटीने उचललाही असेल." काकीने कढत चहा एका दमात पिऊन टाकला. वैजूने कप हातात धरून ठेवला होता. तिच्या चहावर साय धरली तरी तिने तोंडाला लावला नाही. "पी ना गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "मागनं पिते." पायऱ्या उतरताना काकीचा तोल गेला. वैजूने तिला कमरेत हात घालून धरलं आणि दोघी तशाच, एकीला एक धरून, खाडीच्या रस्त्याने गेल्या. मी दारातून बघत राहिले.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी त्यांच्या घरी गेले. पडवीत काकी एक पाय लांब करून बसली होती. काळ्या सुताचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, आणि मांडीवर तळहाताने ती दोरा पिळत होती. शेजारी लाल कापडाची एक चिंधी होती. गावदेवीचं लुगडं दर दसऱ्याला उतरवतात आणि त्याच्या पट्ट्या फाडून घराघरात वाटतात, तशी. तिने चिंधीच्या कडेचा एक लाल धागा ओढून काढला, काळ्या सुतात धरला आणि पीळ भरायला लागली.

"बसा बाई. हात गुतल्याला हाय."

"काय करताय?" मी विचारलं. उत्तर डोळ्यांना दिसत होतं तरी विचारलं.

"करदोटा. हेमंताचा. दर दसऱ्याला नवा करतंय मी. देवीचा धागा घालून. जल्मल्यापासून. गेल्या साली केल्याला आता जुना झाला असंल त्याचा."

मी आपट्याची पानं हातात घेऊन तशीच उभी राहिले. वैजू आतून आली, मला बघितलं आणि चौकटीला टेकली. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. तिने मला मानेने नाही म्हणून खुणावलं. बोलू नका.

पण मला राहवलं नाही. "काकी, त्या दिवशी फोनवर तुम्ही तर—"

"बाई, तुमीच शिकवलंत ना?" काकी वर न बघता म्हणाली. "फाइंड झालं म्हंजे संपलं. मंग कशाला झालं म्हनू?"

तिने दोरा दातांनी तोडला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, उठली आणि आत जाऊन हेमंतच्या सदऱ्याच्या खुंटीला तो टांगून आली. मग माझ्या हातातली पानं घेतली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," म्हणाली, आणि मला खोबऱ्याची वडी दिली.

मला राग आला होता. आईने हेच करावं? त्याला आणता आलं असतं. इथल्या वाळूत, इथल्या माणसांच्या खांद्यावरून गेला असता. त्याऐवजी तो कुठल्या परक्या किनाऱ्यावर, ज्यांना त्याच्या कमरेला काय आहे तेही माहीत नाही अशांच्या हातून मातीत गेला. आणि ही बावीस-तेवीस वर्षांची पोर? हिने काय करायचं, खुंटीकडे बघत म्हातारं व्हायचं? मनात मी काकीशी कडाकडा भांडले. प्रत्यक्षात शनिवारी ती पुन्हा शाळेत आली, माझ्या शेजारी स्टुलावर बसली, रिसीव्हरला कान लावला, आणि मी तिला एक शब्दही बोलू शकले नाही.

दिवाळीनंतर मेनन साहेबांनी सांगितलं की शोध थांबवलाय. यापुढे फोन येणार नाही, काही कळलं तर कळवू. त्यात सर्च हा शब्द होता. काकीने तो ऐकला आणि समाधानाने मान हलवली. पुढचे शब्द तिला येत नव्हते आणि मी ते सांगितले नाहीत. आता मधलं काय आणि शेवटचं काय, सगळं सारखंच होतं.

माझी बदली चिपळूणला झाली. लग्न झालं, मुलं झाली. वाकणबंदर मागे पडलं. कधी बाजारात त्या बाजूच्या कोळणी भेटल्या तर मी काकीची चौकशी करायची. "हाय की," त्या सांगायच्या. "जेटीवर जाऊन बसते. सून संबाळते."

आणि एका दुपारी दार वाजलं. उघडते तो समोर वैजू. केस कानाजवळ पांढरे झालेले, खांद्याला कापडी पिशवी. मंगळसूत्र तेच. मी ओळखायच्या आधीच ती पाया पडली.

"आई गेल्या," ती म्हणाली. "पितरांच्या पंधरवड्यात. दोन दिवस ताप आला आनि गेल्या."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. जरा वेळ इकडचं-तिकडचं झालं. मग तिने पिशवी उघडली आणि काळ्या दोऱ्यांचा एक जुडगा काढून माझ्यासमोर ठेवला. प्रत्येकात एक लाल धागा. वरचे काळेभोर, खालचे विटलेले.

"समदे खुंटीला हुते," ती म्हणाली. "त्याच्या कमरंला हुता तो ह्यांच्या आधीचा. मीच बांधला हुता त्याला, निघाला त्या दिवशी. गाठ माझी हुती बाई."

"मग तू त्या दिवशी का बोलली नाहीस?"

"मला कुनी इचारलं?"

ती रागाने म्हणाली नाही. खरोखरच विचारल्यासारखं म्हणाली. मला ऑफिसातली ती दुपार आठवली, भिंतीवरचा नकाशा, त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली तिची पाठ. मेनन साहेबांनी घरच्यांना बोलवा म्हटलं, मी विचारलं फक्त आईला. गाठ बायकोच्या हातची होती, आणि बायको तिथेच दोन हातांवर उभी होती.

"आईंनी माझ्याकडं बगितलं असतं ना, तर बोलले असते," ती म्हणाली. "बगितलंच नाय त्यांनी. मंग वाटलं, ऱ्हाऊ दे. आज बोलले तर या आज जातील. एकाच दिवशी दोगं कसे न्यायाचे?" तिने जुडग्यावरून हात फिरवला. "म्हटलं, आई हायत तवर गप ऱ्हायचं. माहेरचे म्हनत हुते कोर्टातनं कागद करून घे, दुसरं घर बघ. आईंच्या समोर त्या खुंटीवरनं सदरा कसा काढू मी? आता आई नायत. आता लावा फोन."

"कुणाला?"

"त्या साहेबाला. सांगा त्याला, तो आमचाच हुता. फाइंड झालाय म्हनावं. कुटं पुरलाय तेवढं इचारा. मी जानार नाय तिकडं, मला काय जमतंय? पन जागा कळली तर नाव घेऊन दिवस तरी करता येतील."

तो नंबर मला तोंडपाठ होता. मध्यंतरी मुंबईच्या नंबरांना पुढे दोनचा आकडा जोडला गेला होता, तो जोडून मी फिरवला. वैजू माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने रिसीव्हरला कान भिडवला, अगदी काकीसारखा. बेल वाजली.

एका तरुण पोराने उचलला. फाडफाड इंग्रजीत त्याने आपल्या ऑफिसचं नाव सांगितलं. टूरवाले होते, काश्मीर आणि केरळच्या सहली काढणारे. मी कंपनीचं नाव घेतलं, मेनन साहेबांचं घेतलं. त्याने मागे कुणाला तरी विचारलं. अशी कंपनी कधी ऐकली नाही म्हणाला. ही जागा आम्ही घेतली तेव्हा रिकामीच होती. मी पुन्हा सांगितलं, बोटीची कंपनी, खलाशी पाठवणारी, कुठे गेली ते तरी? पोरगा सभ्य होता. सॉरी मॅडम म्हणाला.

वैजूने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"हेमंत नाटेकर," ती म्हणाली. "फाइंड."

"राँग नंबर, मॅडम," तो म्हणाला, आणि ठेवला.

मी तिला काही सांगायला तोंड उघडलं, तिने हात वर केला. हे सांगायला मी लागत नव्हते. राँग नंबर कुणालाही कळतं.

मी तिला म्हटलं, मी चौकशी करते, मुंबईला ओळखी काढते, सरकारी ऑफिसला लिहिते. मी त्यानंतर लिहिलंही, पुष्कळ ठिकाणी लिहिलं, आणि कुठूनही काही आलं नाही. तिने ते तेव्हाच ओळखलं असावं. ती माझं बोलणं संपेपर्यंत मान हलवत राहिली, तोंडदेखली.

"त्याचा करदोटा सुताचा हुता," ती मधेच म्हणाली. "नायलॉनचा असता तर मातीत अजून ऱ्हायला असता, खूण म्हनून."

मग तिने सगळे करदोटे गोळा केले, एकात एक गुंतले होते ते सोडवले, सारखे केले आणि पिशवीत ठेवले. मी जेवून जा म्हटलं, राहून जा म्हटलं. ती उठलीच.

"म्हंजे सर्चच की वो बाई," ती चपला घालताना म्हणाली.

"वैजू, रहा गं आजचा दिवस."

"नाय वो. उद्या दसरा. देवीचं लुगडं सकाळीच उतरवतात, उशीर झाला की धागा मिळत नाय. आता पिळायला माझ्याशिवाय कोन हाय?"

तिने पदर खोचला आणि एसटी चुकू नये म्हणून भराभरा निघाली.